स्नोमोबाइलचा एक्झॉस्ट वळवला आणि नळीत बर्फ धरला : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, लेक सुपीरियरच्या जवळच्या जंगलात, एक छोटा स्वयंसेवी गट क्रॉस-कंट्री स्कीइंगचे सुमारे २० किलोमीटरचे माग सांभाळतो. गटाची, गावाची आणि यंत्राच्या कंपनीची नावे इथे मुद्दाम दिलेली नाहीत. हिम पडले की स्नोमोबाइलमागे, म्हणजे पुढे स्की आणि मागे पट्टा असलेल्या हिमावरच्या वाहनामागे, ड्रॅग (हिम दाबून सपाट करणारे ओढायचे अवजार) जोडायचा, ताशी १० ते १२ किलोमीटर वेगाने माग दाबत आणि सपाट करत जायचे, असे हे काम आहे. एका फेरीला तीन-चार तास लागतात. वाटेत फांद्या पडलेल्या असतात, ड्रॅगची खोली बदलावी लागते, त्यामुळे थांबणे भरपूर. जानेवारीत रात्रीचे तापमान उणे २५ ते उणे ३० अंशांपर्यंत उतरते.

यंत्र कामाचे, रुंद पट्ट्याचे. ५५० सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, पंख्याच्या हवेने थंड होणारे, दोन कार्बोरेटरचे. दोन्ही सिलिंडरचा धूर वाय-पाइपमध्ये एकत्र येतो, तिथून ट्यून्ड पाइपमध्ये (टू-स्ट्रोकची ताकद वाढवणाऱ्या खास आकाराच्या नळीत) आणि मग सायलेन्सरमध्ये जातो. सायलेन्सरचे तोंड इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या तळाला, म्हणजे बेली पॅनला, उजव्या बाजूस पाडलेल्या भोकातून सरळ खाली उघडते. ताशी ५०-६० किलोमीटरने पळणाऱ्या यंत्राला ही रचना उत्तम आहे. नळी आखूड, तोंड खाली, पाणी आपोआप गळून जाते आणि धूर वाऱ्याबरोबर मागे निघून जातो.

मूळ अडचण

या गटाचे यंत्र मात्र पळत नव्हते. हळू चालताना, विशेषतः दीड-दोन फूट ताजे हिम असताना, बेली पॅन हिमावर टेकत असे आणि एक्झॉस्टचे तोंड त्यात बुडत असे. धुराला बाहेर जायला वाट उरली नाही की तो बेली पॅनच्या भोकाभोवतीच्या फटीतून बॉनेटखाली शिरायचा आणि तिथून हँडलच्या खालून थेट चालकाच्या तोंडावर यायचा. फेरीनंतर डोके दुखणे, मळमळणे अशा तक्रारी दोन चालकांनी केल्या. टू-स्ट्रोकच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, म्हणून ही तक्रार गंभीरपणे घेणे गरजेचेच होते. गटाने हा वायू मोजणारा, हातात धरायचा सीओ मीटर आणला. तो छातीच्या उंचीवर लावून यंत्र खोल हिमात हळू चालवले, तेव्हा आकडा १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) वर गेला. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यवसायिक आरोग्य संस्थेची शिफारस पूर्ण पाळीच्या सरासरीसाठी ३५ पीपीएमची आहे आणि २०० पीपीएमच्या वर क्षणभरही जाऊ नये असे ती सांगते.

धूर चालकापासून लांब न्यायचा, एवढाच विचार करून पहिला बदल झाला.

पहिला बदल

हिवाळ्याआधी गटातल्या एका वेल्डरने सायलेन्सरच्या तोंडाला ३८ मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची नळी जोडली. ती उजव्या बाजूच्या पॅनेलमधून बाहेर काढली आणि फूटबोर्डच्या कडेने मागे नेली. एकूण लांबी सुमारे १२० सेंटिमीटर, दोन वळणे. वाटेत बेली पॅनच्या कडेची पट्टी आड येत होती, म्हणून नळी तिच्याखालून काढून पुन्हा चार सेंटिमीटर वर उचलून फूटबोर्डला आणली. टोकाशी एक क्लॅम्प मारून ती फूटबोर्डला नट-बोल्टने घट्ट आवळली.

वेल्डिंग देखणे होते, काम सफाईदार होते. नोव्हेंबर-डिसेंबरात, उणे ५ ते उणे १० अंशांत, सगळे सुरळीत चालले आणि सीओ मीटरचा आकडाही खाली आला. पण त्या जोडणीत तीन गोष्टी दडून राहिल्या होत्या. नळीला मध्ये खोलगट जागा तयार झाली होती. नळी एका बाजूला इंजिनाला आणि दुसऱ्या बाजूला फूटबोर्डला जखडलेली होती. आणि तिचे तोंड ज्या जागी उघडत होते तिथे पट्ट्याने उडवलेले हिम सतत येऊन बसते.

काय काय बिघडले

जानेवारीत थंडीची लाट आली आणि तिन्ही गोष्टी एकामागून एक वर आल्या.

पहिला बिघाड फूटबोर्डवर दिसला. तासाभराच्या कामानंतर उजव्या फूटबोर्डवर आणि टनेलच्या, म्हणजे पट्ट्यावरच्या अॅल्युमिनियमच्या आवरणाच्या, उजव्या बाजूवर बर्फाचा कडक थर बसू लागला. उडालेले भुसभुशीत हिम गरम धुराने वितळायचे, ते पाणी हातभर मागे वाहायचे आणि थंड अॅल्युमिनियमवर गोठायचे. बुटाला पकड देणारी भोके त्यात बुजून गेली. एका फेरीनंतर झोडून काढलेला बर्फ बादलीत भरून तोलला तर साधारण ९ किलो निघाला, सगळा एकाच बाजूचा. मोकळ्या उतारावर यंत्र उजवीकडे ओढते, हे चालकांनी बर्फ दिसण्याआधीच सांगितले होते.

दुसरा बिघाड यंत्र सुरू करताना कळला. उणे २७ अंशांतल्या एका सकाळी इंजिन दोन-तीन झटक्यांत पेटले, घुसमटल्यासारखे चालले आणि बंद पडले. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

इथे गटाचे दोन दिवस वाया गेले, आणि का गेले हे नीट पाहण्यासारखे आहे. पेटते पण टिकत नाही, दाबले की गुदमरते, ही लक्षणे कार्बोरेटरच्या बिघाडाशी हुबेहूब जुळतात. थंड हवा दाट असते, म्हणून कडाक्याच्या थंडीत जास्त पेट्रोल लागते, म्हणून मोठे जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) टाका, हा तर्कही कागदावर बरोबर आहे. त्यामुळे प्लग बदलले, पेट्रोलचे फिल्टर पाहिले, मेन जेट एक नंबरने वाढवले. काहीच फरक पडला नाही. उलट न जळलेल्या पेट्रोल-ऑइलने नवे प्लग ओले झाले.

खरे कारण शोधायला दोन मिनिटे पुरतात. हातमोजा घातलेला हात एक्झॉस्टच्या तोंडाशी धरायचा आणि दुसऱ्याने दोरी ओढायची. प्रत्येक झटक्याला हातावर फुंकर लागली पाहिजे. ती लागत नसेल तर सायलेन्सर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा हूक घालून काढायच्या, सायलेन्सर बाजूला सरकवायचा आणि क्षणभर इंजिन सुरू करून पाहायचे. ते नीट चालले तर कार्बोरेटरला हात लावायचा नाही, अडथळा पुढे आहे. आवाज मोठा होतो आणि गरम धूर बॉनेटखाली सुटतो, म्हणून ही तपासणी उघड्यावर, बॉनेट उघडून आणि फक्त काही सेकंद करायची.

तिसऱ्या दिवशी हेच केले आणि इंजिन लगेच चालले. नळी काढून शेडमध्ये उबेला ठेवली, तेव्हा त्या खोलगट भागातून सुमारे ११ सेंटिमीटर लांबीचा बर्फाचा बोळा अख्खा घसरून बाहेर आला.

बर्फाच्या बोळ्याने काय सांगितले

बोळा फेकून न देता तो उजेडात धरून पाहिला, हे गटाने फार चांगले केले. बर्फ एकसंध नव्हता. त्यात एकावर एक करड्या वळ्या होत्या. स्वच्छ बर्फाचा जाड थर, मग काजळी आणि ऑइलची बारीक रेघ, पुन्हा बर्फ, पुन्हा रेघ. असे सहा थर मोजता आले. म्हणजे नळी एका रात्रीत बुजली नव्हती, सहा वेळा थोडी थोडी बुजत गेली होती.

यंत्राच्या वहीत मागच्या आठवड्याच्या नोंदी पाहिल्या. कडाक्याच्या थंडीमुळे माग बंद होते, फेरी एकही झाली नव्हती. पण ‘यंत्र पडून राहू नये’ म्हणून कोणी ना कोणी रोज येऊन ते पाच-दहा मिनिटे नुसते सुरू करून जात होता.

त्यामागचे गणित असे. एक किलो पेट्रोल जळले की सव्वा किलोच्या आसपास पाणी तयार होते. लिटरच्या हिशेबात सांगायचे तर दर लिटर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात एक्झॉस्टमधून जाते. धूर गरम असेपर्यंत ते दिसत नाही. तो साधारण ५० अंशांच्या खाली आला, किंवा तेवढ्या थंड पत्र्याला लागला, की वाफेचे पाणी होते. यंत्र ओझे ओढत असते तेव्हा धुराचा प्रवाह मोठा आणि गरम असतो. लांब नळीसुद्धा आतून कोरडी राहते आणि आधी साचलेले पाणीही उडून जाते. इन्फ्रारेड थर्मामीटरने नंतर तपासले तेव्हा काम करताना नळीचे टोक १३० अंशांच्या वर होते. नुसते आयडलवर, म्हणजे ओझ्याविना जागच्या जागी मंद चालू, दहा मिनिटे ठेवले तर तेच टोक ४० अंशांच्याही वर जात नव्हते. त्या दहा मिनिटांत नळी सतत पाणी गोळा करते, ते पाणी खोलगट जागी साचते आणि इंजिन बंद केले की तासाभरात गोठते. दुसऱ्या दिवशीची पाच-दहा मिनिटे तो बर्फ वितळवायला पुरत नाहीत, त्यावर नवा थर मात्र देऊन जातात.

थोडक्यात, नळी कामाने नव्हे तर काळजीपोटी रोज सुरू करण्याने बुजली. थंडीत पडून असलेले यंत्र सुरू करायचेच असेल तर एक्झॉस्ट पूर्ण तापेपर्यंत ओझ्याखाली किमान वीसेक मिनिटे चालवावे. नाहीतर बॅटरी काढून चार्जरला लावावी आणि यंत्राला हात लावू नये.

तिसरा बिघाड नळी काढलेली असतानाच सापडला. सायलेन्सरच्या तोंडाशी, वेल्डच्या कडेला, अर्ध्या घेरापर्यंत गेलेली चीर होती. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते आणि आयडलला चांगलेच हलते. नळीचे दुसरे टोक फूटबोर्डला जखडलेले, म्हणजे सगळा हिसका त्या एका वेल्डवर. चिरेतून धूर बॉनेटखाली येत होता. ज्या धुराच्या त्रासासाठी हा सगळा खटाटोप केला, तो धूर दुसऱ्या वाटेने परत आला होता. सीओ मीटर डिसेंबरनंतर कोणी लावलाच नव्हता. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच. बर्फाने यंत्र बंद पडते, चिरेतून येणारा धूर मात्र कोणाला कळत नाही.

तात्पुरता इलाज

हंगाम चालू होता, म्हणून चीर भरून नळीच्या सर्वांत खालच्या जागी ४ मिलिमीटरचे गळतीचे भोक पाडले आणि फूटबोर्डवरचा बोल्ट काढून तिथे रबरी बुशिंग घातले. भोकातून पाणी गळू लागले आणि दोनेक आठवडे बरे गेले. मग भोक बुजले. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टमधून निव्वळ पाणी येत नाही. पाणी, न जळलेले ऑइल आणि काजळी यांचे ताकासारखे करडे मिश्रण येते. ते भोकाच्या कडेला चिकटते, वाळते, घट्ट होते. मग प्रत्येक फेरीनंतर तारेने भोक मोकळे करण्याचा नियम केला आणि तसा हंगाम निभावला.

गळतीचे भोक हा उपाय वाईट नाही, पण तो माणसाच्या आठवणीवर चालतो. स्वयंसेवी गटात यंत्र दहा हातांतून जाते. तिथे असा उपाय फार टिकत नाही.

कोणते पर्याय तोलले

हंगाम संपल्यावर चार वाटा समोर होत्या.

मूळ रचना परत बसवायची आणि बेली पॅनच्या फटी बंद करायच्या, हा सर्वांत स्वस्त मार्ग. नळी आखूड राहते, पाणी साचत नाही. पण तोंड खोल हिमात बुडणे चुकत नाही. बुडालेल्या तोंडामुळे इंजिनावर उलटा दाब येतो, ते तापते. शिवाय थांबल्यावर तयार मागावर काळपट, तेलकट खड्डा पडतो, तो वेगळाच.

काही फोर-स्ट्रोक यंत्रांत एक्झॉस्ट सीटखालून थेट मागे नेलेला असतो. तसे इथे करावे, असे दोघांचे मत होते. पण ती यंत्रे मुळापासून तशी बांधलेली असतात, नळीला पुरेशी जागा आणि उष्णतेपासून आड असते. टू-स्ट्रोकमध्ये ट्यून्ड पाइपनंतरची नळी लांबवत गेले की उलटा दाब वाढतो, पिस्टन जास्त तापतो आणि इंजिन जॅम होण्याची भीती असते. मागे सोडलेली वाफ नेमकी ड्रॅगच्या जोडणीच्या पिनेवर गोठली असती, हाही मुद्दा निघाला. तो निर्णायक ठरला, कारण उणे २५ मध्ये गोठलेली पिन हातोडीशिवाय निघत नाही.

तिसरा पर्याय बॉनेटमधून उभी नळी वर काढायचा. खोल हिमात तोंड कधीच बुडणार नाही. पण ताशी १० किलोमीटरने चालताना तो सगळा धूर आणि ऑइलचे तुषार चालकाच्या गॉगलवर येतात. उभे असलेल्या यंत्राच्या नळीत हिम पडते. आवाजही थेट चालकाच्या कानाशी. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

चौथा, आखूड बाजूचा एक्झॉस्ट. सायलेन्सरच्या तोंडापासून एकच वळण, नळी सतत उताराची, बेली पॅनच्या उजव्या उभ्या भिंतीतून बाहेर, स्कीच्या पायाच्या मागे आणि फूटवेलच्या, म्हणजे पाय ठेवायच्या खोलगट जागेच्या, पुढे. खोल हिमात यंत्र रुतले तर हे तोंडही बुडू शकते आणि उजवीकडून वारा असेल तर थोडा धूर चालकाकडे येणारच. हे मान्य करून हाच पर्याय निवडला.

निवड करताना एक जुना आग्रह सुटला, तो महत्त्वाचा. पहिल्या वेळी प्रश्न ‘धूर कुठे न्यायचा’ असा होता. या वेळी ‘पाणी कुठे पडणार आणि कशावर गोठणार’ असा होता. बर्फ होणारच. तो जिथे काही हलत नाही, जिथे पाय ठेवायचा नाही आणि जिथून एका टोल्यात निघेल, अशा ठिकाणी व्हावा एवढेच आपल्या हातात असते.

प्रत्यक्ष काम

नळीसाठी ३०४ स्टेनलेस घेतले, व्यास सायलेन्सरच्या तोंडाइतकाच, ३८ मिलिमीटर. व्यास कमी करायचा नाही, हा टू-स्ट्रोकचा पहिला नियम. एकूण लांबी २८ सेंटिमीटर, एक ४५ अंशांचे वळण. यंत्र सपाट जमिनीवर ठेवून नळीत चमचाभर पाणी ओतले आणि ते एक थेंबही न राहता बाहेर येते ना, हे वेल्डिंगच्या आधी टाके मारलेल्या अवस्थेत पाहिले. मग यंत्राचे नाक ड्रॅग जोडल्यावर जितके वर उचलले जाते तितके, सुमारे ५ अंश, उचलून तीच चाचणी पुन्हा केली. सपाट जमिनीवर उतार बरोबर दिसणारी नळी नाक उचलल्यावर पाणी धरू शकते.

सायलेन्सर आणि नळी यांच्यात वेल्ड न करता गोल बसणारा बॉल जॉइंट आणि दोन स्प्रिंगा घातल्या. त्यामुळे इंजिन हलले तरी नळी त्याच्याबरोबर डोलते, हिसका कुठे बसत नाही. नळीला बॉडीचा आधार कुठेच दिला नाही. बेली पॅनचे भोक नळीपेक्षा १२ मिलिमीटरने मोठे ठेवले आणि ती फट दोन अर्ध्या भागांच्या स्टेनलेस कॉलरने झाकली. कॉलर आणि नळी यांच्यामध्ये काचतंतूंची उष्णतारोधक दोरी आहे. खालचे जुने भोक अॅल्युमिनियमच्या पत्र्याने, रिव्हेट आणि उच्च तापमानाच्या सिलिकॉनने बंद केले.

नळीला उष्णतारोधक कापडी पट्टी गुंडाळावी, असा आग्रह होता. तो नाकारला. ती पट्टी वितळलेले पाणी आणि टू-स्ट्रोकचे ऑइल दोन्ही शोषते, ओली असताना गोठते आणि तापली की त्यातले ऑइल पेट घेऊ शकते. त्याऐवजी ०.८ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची अर्धगोल ढाल, ८ मिलिमीटरची हवेची फट ठेवून, होज क्लॅम्पने बसवली. प्लास्टिक, ऑइलचे होज आणि वायरिंग यांपासून नळी कुठेही ५ सेंटिमीटरपेक्षा जवळ नाही, हे फूटपट्टी लावून पाहिले.

आणखी एक सूचना आली होती : हिम आत येऊ नये म्हणून बॉनेटच्या बाजूच्या झरोक्यांवरही टेप लावू. पंख्याने थंड होणाऱ्या इंजिनाला हे घातक आहे. पंख्याची गरम हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर तीच हवा पुन्हा पंख्यात आणि कार्बोरेटरमध्ये जाते. झरोके उघडेच ठेवले.

बर्फ चिकटू नये यासाठी नळीच्या तोंडामागच्या बेली पॅनवर आणि फूटवेलच्या बाहेरच्या भागावर ३ मिलिमीटर जाडीचा यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनचा पत्रा बसवला. या प्लास्टिकला बर्फ धड चिकटत नाही, टोला बसला की सबंध तुकडा सुटतो. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ते ८० अंशांच्या वर मऊ पडू लागते, म्हणून तोंडापासून १० सेंटिमीटर लांब ठेवले. दोन, ते थंडीत बरेच आकसते. ६० सेंटिमीटरचा तुकडा २० अंशांच्या शेडमधून उणे ३० मध्ये नेला की पाचेक मिलिमीटर आखडतो. म्हणून रिव्हेटची भोके गोल न ठेवता लांबट केली आणि खाली रुंद वॉशर घातले. घट्ट गोल भोकांत बसवलेला पत्रा पहिल्याच थंडीत रिव्हेटपाशी तडकतो.

तोंडाची दिशा ठरवायला उजव्या बाजूला टेपने लोकरीचे धागे चिकटवले, ताशी १० किलोमीटरने यंत्र चालवले आणि शेजारून मोबाइलवर चित्रण केले. पहिल्या कोनात मागचे तीन धागे फूटबोर्डकडे वळत होते. नळी थोडी फिरवून बाहेर ४५ आणि खाली ३० अंश केली, टोक तिरके कापले आणि मागे २० बाय २५ सेंटिमीटरची अॅल्युमिनियमची आडफळी लावली. मग धागे बाहेरच्या बाजूला राहिले. बॉल जॉइंट असल्यामुळे हे सगळे पुन्हा वेल्डिंग न करता जमले.

शेवटी इंजिनाची तपासणी. वाढवलेले जेट काढून मूळचे घातले, मोकळ्या पट्टीवर पूर्ण थ्रॉटलने चालवून किल स्विचने बंद केले आणि प्लग काढून पाहिले. दोन्ही तपकिरी, कोणताही पांढरट नाही, म्हणजे इंजिन जास्त तापत नव्हते. आवाज एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२५६७ पद्धतीने मोजला, ४,००० आरपीएम आणि ४ मीटर अंतर. आधी ८४ डेसिबल होता, आता ८६. या चाचणीसाठी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ८८ डेसिबलची मर्यादा चालते. सायलेन्सरच्या आत हात घातलेला नव्हता, हे इथे कामी आले. नव्या यंत्रावर असे काही करण्याआधी उत्सर्जनाचे नियमही पाहावे लागतात. अमेरिकेत स्नोमोबाइलसाठी ते २००६ च्या मॉडेलपासून लागू झाले आहेत, हे यंत्र त्याआधीचे होते.

परिणाम

पुढच्या हिवाळ्यात नळी एकदाही बुजली नाही. खोल हिमात हळू चालताना सीओ मीटर बहुतेक वेळ ५ ते १५ पीपीएम दाखवत होता. पाठीमागून किंवा उजवीकडून मंद वारा असेल तेव्हा तो ४० पर्यंत चढायचा. अशा दिवशी माग उलट्या दिशेने काढायचा किंवा मध्ये चालक बदलायचा, असे ठरले. मीटर आता हँडललाच कायमचा बांधलेला आहे.

बर्फ बसतो, पण आडफळीच्या बाहेरच्या कडेला बसतो. फेरीनंतर किलो-दीड किलोचा तुकडा रबरी हातोड्याच्या एका टोल्यात पडतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायला आणि गरम पाणी ओतायला बंदी आहे. पहिल्याने प्लास्टिक फुटते, दुसऱ्याने पाणी स्टिअरिंगच्या सांध्यांत शिरून गोठते.

एक नवी कुरबुर मात्र निघाली. यंत्र बराच वेळ आयडलवर उभे राहिले की नळीतून गळणारे पाणी वाऱ्याने उजव्या स्कीच्या पायावर जाते आणि तिथे बर्फ धरतो. एकदा स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळेना. त्यावर उपाय म्हणून दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करायचे, आणि पुन्हा निघण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहायचे, असा नियम झाला. तलावावरच्या हिमाखाली पाणी साचलेले असते तिथून गेल्यावर जो बर्फ पट्ट्यात आणि चाकांत धरतो, त्याच्यावर या बदलाचा काहीही परिणाम झालेला नाही. तो एक्झॉस्टचा प्रश्नच नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली नळी उणे १० अंशांत तपासली आणि पास केली. एक्झॉस्टचा कोणताही बदल, जिथे वापरायचा तिथल्या सर्वांत कडक थंडीत, आणि मुद्दाम वाईट पद्धतीने तपासावा : दहा मिनिटे आयडल, बंद, रात्रभर बाहेर, पुन्हा दहा मिनिटे आयडल, असे तीन दिवस. एवढ्यावर खोलगट जागा उघडी पडली असती.

सीओ मीटर दर फेरीला लावला असता तर चीर दोन-तीन आठवडे आधी कळली असती. मोजमाप एकदा चांगले आले म्हणून मीटर कपाटात ठेवणे, ही चूक वेल्डिंगच्या चुकीपेक्षा मोठी होती.

कार्बोरेटर उघडण्याआधी एक्झॉस्टच्या तोंडाशी हात धरून पाहायचा, ही पायरी आता शेडच्या भिंतीवरच्या तक्त्यात पहिली आहे. गुलमर्गसारख्या ठिकाणी यंत्र चालवणाऱ्यांनीही ती ध्यानात ठेवावी. २,६५० मीटर उंचीवर हवा विरळ असते, समुद्रसपाटीसाठी बसवलेल्या जेटवर इंजिन जास्त पेट्रोल ओढते, काजळी वाढते आणि सायलेन्सरची गळतीची भोके आणखी लवकर बुजतात. तिथे आधी जेट उंचीप्रमाणे बदलावे, मग बाकीचे.

आडफळीचा आकार अजून पक्का नाही. स्कीच्या पायावर उडणारे थेंब अडवायला तिची पुढची कड ५ सेंटिमीटरने वाढवायची की नळीचे टोक तेवढे मागे न्यायचे, यावर गटात दोन मते आहेत. टोक मागे नेले तर धूर पुन्हा फूटबोर्डकडे वळण्याची शक्यता आहे. म्हणून आधी कड वाढवून, लोकरीचे धागे पुन्हा चिकटवून चित्रण करायचे ठरले आहे.